रानगुलाब लागत नाही

१ डिसेंबर २०२४

रिटायर झाल्यावर काय करायचं, या प्रश्नाला आज एकदाचं उत्तर मिळालं. गुलाब लावायचा.

सकाळी सुजयचा पुण्याहून फोन आला. स्पीकरवर होता. म्हणाला, "आई, जूनमध्ये क्वार्टर सोडणंच आहे. मग इकडेच या ना दोघं. एक रूम खाली आहे. उन्नती रोज पूछती है, आजी कब आएगी." कमलिनी मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "माहा गुलाब तिथं न्याले कुंडीत लागला का मी येतो. शब्द देतो तुले."

सुजय म्हणाला, "बस, एवढंच? डन."

मी लगेच त्याच्याकडून बाल्कनीचं माप मागून घेतलं. अट स्पष्ट आहे, तपासून पाहता येण्यासारखी आहे. कमलिनीच्या अटी एरवी इतक्या स्पष्ट नसतात. मला समाधान वाटलं.

३ डिसेंबर

गुलाबाची माहिती लिहून ठेवतो.

हा नर्सरीत मिळतो तसला गुलाब नव्हे. हे क्वार्टर मिळालं त्या वर्षी मी एका प्रदर्शनातून लाल गुलाबाचं कलम आणलं होतं. वरचा लाल भिलाईच्या उन्हाळ्यात गेला आणि खालच्या खुंटातून जंगली फूट आली. पुस्तकात लिहिलं आहे की जंगली फूट दिसली की कापावी. मी कापायचो, ती पुन्हा यायची. मग एका वर्षी कारखान्यात, आमच्या रेल मिलमध्ये, मोठं रिपेअर निघालं. मी घरी फक्त झोपायला येत होतो. तेवढ्यात कमलिनीनं ती कुंपणावर चढवून घेतली. आता ती गेटपासून प्रणिता मॅडमच्या भिंतीपर्यंत पसरली आहे.

फुलं पांढरी, लहान, पाच पाकळ्यांची. दिसायला काही विशेष नाहीत. पण फुलोऱ्यात असली की सायकलवरून जाणारा माणूस ब्रेक मारून इकडेतिकडे पाहतो, वास कुठून येतो म्हणून. काटे मात्र मागच्या बाजूला वळलेले आहेत. हात आत जातो, बाहेर येत नाही.

संध्याकाळी त्या कुंपणापाशी खुर्च्या पडतात. भिंतीपलीकडच्या प्रणिता मॅडम, समोरच्या मिसेस नायर, कोपऱ्यावरच्या साहू भाभी आणि आमची कमलिनी. विषय काय असतो ते मला माहीत नाही, कारण मी गेलो की तो बंद होतो.

५ डिसेंबर

कलमं लावली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या. खालचा काप तिरपा, डोळ्याच्या लगेच खाली. वरचा सरळ, म्हणजे उलटसुलट होत नाही. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढली. वाळू आणि पानांचं खत सारखं. वरून प्लास्टिकची पिशवी. कुंड्या मागच्या पडवीत, जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही.

कमलिनी दारात उभी राहून पाहत होती.

"एवढ्यानं लागते?"

"लागते."

"किती दिवस लागतीन मुळ्या फुटाले?"

"महिन्याभरात धरतात."

"अस्सं," म्हणाली आणि आत गेली. तिला उत्सुकता आहे, हे पाहून बरं वाटलं.

प्रणिता मॅडम भिंतीवरून डोकावल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मूळच्या दुर्गच्या. म्हणाल्या, "भाऊजी, एवढा पसारा कशाला? हा तर खुंटाचा गुलाब. बाकीचे गुलाब याच्यावर बांधतात. काडी फेकून दिली तरी लागते." शिकवणाऱ्या लोकांना पद्धतशीर कामाची चेष्टा करायची सवय असते.

२१ डिसेंबर

सगळ्या काड्यांना हिरवे कोंब. सुजयला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. कमलिनीला कुंड्या दाखवल्या. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "खरंच लागून राहिले हो." तिचा आवाज बसला होता. थंडी वाढली आहे.

२ जानेवारी २०२५

सगळी मेली.

कुंड्या उलट्या करून तपासल्या. काड्यांना मुळं फुटली होती, पांढरी, चांगली लांब. पण मातीला धरलेली नव्हती. कोणीतरी उपटून पुन्हा खोचल्यासारखी दिसत होती.

शक्यता एक, उंदीर. पण उंदीर उपटतो, परत खोचत नाही. शक्यता दोन, मांजर. तिलाही तेच लागू. शक्यता तीन, मी झारीनं पाणी जोरात घातलं आणि मुळं उघडी पडली. रेल मिलच्या मेंटेनन्समध्ये माझा जन्म गेला. बिघाडाचं कारण सापडलं नाही असं मी कधी कागदावर लिहिलेलं नाही. म्हणून तिसरं कारण लिहितो. झारी बदलतो.

कमलिनी म्हणाली, "जाऊ द्या हो. त्याचं मन नसन इथून जायचं."

झाडाला मन नसतं, हे मी तिला समजावून सांगितलं.

१४ जानेवारी

दुसरी खेप लावून झाली. आज घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका पडवीत बसल्या होत्या, म्हणजे कुंड्यांच्या शेजारीच. मी तिळगूळ घ्यायला गेलो तर नेहमीप्रमाणे शांतता.

मिसेस नायर म्हणाल्या, "भाईसाब, आप लोग सच में जा रहे हैं?"

"गुलाब लग गया तो जाएँगे," मी म्हणालो.

सगळ्या बायकांनी कुंड्यांकडे पाहिलं. साहू भाभींनी तर असं पाहिलं, जसं कोणी दवाखान्यातल्या पेशंटकडे पाहतं. प्रणिता मॅडमना हसू आलं आणि ठसका लागला. कमलिनी पाणी आणायला उठली ती बराच वेळ आली नाही.

या खेपेला मी राखणीला शिफ्ट लावली आहे. सकाळची शिफ्ट माझी. दुपारची कमलिनीची, कारण दुपारी मी मिलमधल्या जुन्या मित्राकडे, दिवाकरकडे, हुडको कॉलनीत बुद्धिबळाला जातो. संध्याकाळी बायकांची बैठक असतेच. म्हणजे दिवसभर घराशी माणूस आहे.

२३ जानेवारी

दिवाकरनं आज घोडा फुकट घालवला आणि वर म्हणाला, "बाबाराव, माझ्या बाजूचं घर खाली झालं. मालक चांगला भाडेकरू शोधून राहिला. तू पाहतो का?"

"आमी पुण्याला चाललो."

"हो, मले माहीत आहे. मी तर फक्त सांगून राहिलो."

त्याला माहीत आहे तर सांगितलं कशाला? तरी निघताना सहज पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. माती मुरमाड आहे, पण खणून खत घातलं तर होण्यासारखी. पूर्वेला आडोसा नाही. टेप स्कूटरच्या डिक्कीत असतोच, म्हणून सहज मापही घेतलं. दिवाकरची बायको पद्मजा गेटमधून पाहत होती. तिला म्हटलं, सवय आहे.

२ फेब्रुवारी

दुसरी खेपही गेली. या वेळी मातीवर पांढरा थर आहे.

प्रणिता मॅडमना कुंडी नेऊन दाखवली. त्यांनी चिमूटभर उचलून जिभेला लावलं. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"भाऊजी, हे क्षार आहेत."

"कोणते?"

"खायचे," त्या म्हणाल्या आणि घाईनं घरात गेल्या.

म्हणजे पाण्यात दोष आहे. कॉलनीत अलीकडे सगळेच पाण्याबद्दल काही ना काही बोलत असतात. कमलिनीला सांगितलं की उद्यापासून कलमांना फिल्टरचं पाणी. तिनं लगेच मान्य केलं. एरवी माझं कोणतंही कारण ती इतक्या लवकर मान्य करत नाही.

घरातलं मीठ संपलं आहे. दुकानातून नवी पिशवी आणली.

१६ फेब्रुवारी

गुलाब फुलला.

सकाळी दार उघडलं आणि वास आत आला. कुंपण पांढरं झालं आहे. मधमाश्या सुरू झाल्या. मी खुर्ची टाकून बसलो, पेपर उघडला आणि पहिल्या पानाच्या पुढे गेलोच नाही. वाळलेल्या काड्या काढायच्या होत्या, पण कमलिनीनं कात्रीला हात लावू दिला नाही. फुलोऱ्यात कापत नसतात, म्हणाली. पुस्तकातही तेच आहे.

संध्याकाळी बैठक रस्त्यापर्यंत वाढली होती. कोणाकोणाच्या बायका आल्या होत्या. मिसेस नायरनी केळ्याचे चिप्स आणले, साहू भाभींनी बेसनाची ठेठरी तळून आणली. कमलिनी हसत होती, मोठ्यानं. घरात ती असं हसत नाही. मी आतून पाहत होतो.

हा वास आला की मला इथून कुठे जाऊ नये असं वाटतं. मला कोणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. बाकी पुण्याला सुजयच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही हवा चांगली असते असं तो सांगतो.

२५ फेब्रुवारी

तिसरी खेप गेली. काड्या मऊ पडल्या आहेत, शिजल्यासारख्या. मातीत भाताची शितं सापडली. चिमण्या.

पण चिमण्यांनी शितं टाकली म्हणून काडी का शिजेल? आयुष्यात पहिल्यांदा कारणाची जागा कोरी ठेवली आणि जेवण गेलं नाही. कमलिनीनं दोनदा विचारलं, "बरं नाही का जी?" आणि मग ताटावरून उठून गेली.

सुजयला फोन केला. म्हणाला, "बाबा, टेन्शन मत लो. मी छोटा कॅमेरा पाठवतो. मोबाईलवर सगळं दिसते, आवाज पण येते. कोण चूहा आहे ना, पकडलाच समजा." मुलगा हुशार आहे. माझ्यावर गेला आहे.

५ मार्च

कॅमेरा लावला. पडवीत जुन्या पंख्याच्या हुकाजवळ. कमलिनीला सांगितलं नाही. चाचणी चालू आहे हे सांगितलं की निकाल बिघडतो, हा मिलमधला अनुभव आहे. कुंड्यांत चौथी खेप आहे, थोड्याच काड्या.

७ मार्च

उंदीर नाही. मांजर नाही. पाणीही नाही.

दुपारी दिवाकरकडे होतो. त्याची चाल बराच वेळ चालली म्हणून मोबाईल उघडला. पडवीत कमलिनी होती. हातात पातेलं, वाफ येत होती. भाताची पेज. तिनं पातेलं खाली ठेवलं, स्टूल ओढलं, कुंड्यांसमोर बसली. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "बापा, तुह्यावर राग नाही माहा. तू गेला का मले जा लागन. अन् मले नाही जायचं." मग उठली, आणि एकेका कुंडीत पेज ओतली. अगदी बुडाशी. पानांवर सांडू दिली नाही.

दिवाकर म्हणाला, "तुझी चाल." मी डाव सोडून निघालो.

घरी आलो नाही. सिव्हिक सेंटरच्या बाजारात गेलो, एका बाकावर बसून पुन्हा पुन्हा तेच पाहिलं. आधी संताप आला. एवढ्या खेपा, झारी बदलली, फिल्टरचं पाणी घातलं, आणि ही बाई माझ्या मागे मीठ टाकते. मग दुसरा राग आला. मला सरळ का नाही सांगितलं? मी काय वाघ आहे? त्यावर बराच विचार केला. सुजयचा फोन आला तेव्हा ती गप्प होती आणि मी बाल्कनीचं माप विचारत होतो. तिला कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

मला फार वाईट वाटलं. तिथं बाकावर रडू आलं. शेजारी एक जण समोसा खात होता, त्यानं तोंड फिरवून घेतलं. सभ्य माणूस होता.

कॅमेरा काढून टाकला. सुजयला कळवलं की वायफाय पकडत नाही.

९ मार्च

तिला बोलतं करायचा प्रयत्न केला.

"पुण्याला जायचं ना आपल्याला?" मी विचारलं.

"गुलाब लागला तर जाणंच आहे."

"आणि नाही लागला तर?"

"मंग नाही. पण लागला तर जा लागन. पोराले शब्द देल्ला मी."

ती शब्दाला पक्की आहे. लग्नाआधी तिनं धाकट्या बहिणीला सायकल देईन म्हटलं होतं, ती लग्नानंतर माझी दिली.

म्हणजे गुलाब लागता कामा नये. एवढंच ना? ते तर ती करतेच आहे. मी काही करायची गरज नाही. नियमित कलमं लावत राहायची आणि जूनपर्यंत वाट पाहायची. मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

१३ मार्च

सगळं फिसकटलं.

उन्नतीला ताप होता. सुनेला, शिल्पाला, ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. व्हिडिओ कॉलवर पोरगी "आजी, आजी" करत रडली. कमलिनीनं फोन ठेवला. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कलमं लावा जी पुन्हा. या खेपेला लागतीन."

"ऊन वाढलं आता. नाही लागत."

"लागतीन," ती म्हणाली. "मी लक्ष देतो."

होळीच्या दिवशी मी कात्री घेऊन कुंपणाशी गेलो. फुलोरा संपत आला आहे. मुद्दाम वाळकट काड्या निवडल्या. तिनं त्या फेकल्या आणि स्वतः चांगल्या काढून दिल्या. हात काट्यांनी ओरबाडले होते.

२४ मार्च

कलमं हिरवी आहेत. मला त्यांचा भरवसा वाटत नाही, म्हणजे ती मरतील याचा.

मिठाची बरणी पडवीच्या दाराजवळच्या फळीवर ठेवली, हाताला सहज येईल अशी. संध्याकाळी ती पुन्हा आत गेली होती.

३० मार्च

गुढी उभारली. दुपारी मुद्दाम दिवाकरकडे जास्त वेळ काढला. त्यानं हाकललं तरी बसलो. पद्मजानं दोनदा चहा दिला. परत आलो तर कुंड्यांना पाणी घातलेलं, वरून ओलं गोणपाट टाकलेलं. कलमं ताजीतवानी.

प्रणिता मॅडमनी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, या खेपेचे क्षार?"

"नाहीत," मी म्हणालो.

"अरेरे," त्या म्हणाल्या. इतके दिवस त्यांना सगळं माहीत होतं.

५ एप्रिल

आता मुळं कुंडीच्या बुडाच्या भोकातून बाहेर आली आहेत. सुजयचं तिकीट झालं. बारा तारखेला येतो, कुंड्या घेऊन जातो. आमचं सामान मे महिन्यात. कमलिनीनं फोनवर सांगितलं, "हो रे बाप्पा, लागला. येतो मी." मग माळ्यावरून मोठी पातेली काढली आणि कोणाला काय द्यायचं ते ठरवू लागली. साहू भाभींना इडलीचं भांडं. मिसेस नायरनी हातच लावला नाही कशाला, म्हणाल्या, "अभी रखो, बाद में देखेंगे."

संध्याकाळी खुर्च्या पडल्या. कोणी काही बोलत नव्हतं. मी गेलो तरी विषय बंद झाला नाही, कारण तो सुरूच झालेला नव्हता. मी तिथंच एक खुर्ची घेऊन बसलो. कोणी उठा म्हटलं नाही.

११ एप्रिल

उद्या सुजय येतो.

दुपारचं जेवण झाल्यावर कमलिनी जरा आडवी झाली. मी स्वयंपाकघरात गेलो. पातेलं भरून पाणी गॅसवर ठेवलं. आच मोठी केली. मीठ घालावं का, याचा विचार केला. तिच्या सगळ्या पद्धतींत गरम पेजेनं काम लवकर होतं असं माझ्या नोंदी सांगतात, म्हणून मिठाशिवाय नुसतं पाणीच उकळायला ठेवलं.

मागे चाहूल लागली.

"चाय ठेवून राहिले का जी?"

"नाही."

तिनं पातेल्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून पडवीतल्या कुंड्यांकडे. त्यांच्यावरचं गोणपाट मी आधीच काढून ठेवलं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"कवापासून माहीत हाय तुमाले?"

"होळीच्या आधीपासून."

"मंग बोलले कावून नाही?"

"तू कावून नाही बोलली?"

"मले वाटलं, तुमाले जायचं हाय. फोन ठेवाच्या आधी बाल्कनी मोजून राहिले होते तुमी."

"बाल्कनी मी गुलाबासाठी मोजली. मले कोणी विचारलं का, जायचं का म्हणून?"

मग तिनं विचारलं. "तुमाले जायचं हाय?"

"नाही," मी म्हणालो. एवढा एक शब्द, पण मोठ्यानं कधी म्हटला नव्हता. "इथं माझं सगळं आहे. तू हसते ते कुंपण आहे. मी तिथं अकराव्या मजल्यावर काय करू?"

कमलिनी रडू लागली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन् उन्नती?"

"तिची परीक्षा झाली की तिला इथं आणू. दिवाळीला आपण जाऊ. तिला बरं नसलं तर तू मिळेल त्या गाडीनं निघ, मी मागून येतो."

"अन् शब्द?"

"शब्द गुलाबाचा आहे. गुलाब लागला नाही."

"लागला हाय ना जी."

"उद्यापर्यंत नाही लागणार."

पाणी उकळलं. मी फडक्यानं पातेलं धरलं आणि पडवीत नेलं. पहिल्या कुंडीवर वाकलो तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा."

मला वाटलं, तिचं मन कच्चं पडलं. पण तिनं पुढे होऊन कडेची एक कुंडी उचलली, जिच्या काडीला सगळ्यांत जास्त फूट होती ती. दाराच्या मागे नेऊन ठेवली आणि वर रिकामी बादली पालथी घातली.

"हा राहू द्या. हुडकोत लागन."

"हुडकोचं तुले कोणी सांगितलं?"

"पद्मजानं. टेप घेऊन अंगणात कोण फिरते, मले समजत नाही का?"

मी पुन्हा पातेलं वाकवलं. तिनं माझा दंड धरला.

"एवढं कडक नका टाकू. काडी उकलते, काळी पडते. सुजयच्या ध्यानात येईन. जरासं निवू द्या."

या कामात तिचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे. मी पातेलं जमिनीवर ठेवलं, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः पायरीवर बसलो. पाणी निवायची वाट पाहत दोघं पडवीत बसून राहिलो.